कफर कामातली पोरं आजही अदिगे बोलतात
वर कुणीतरी म्हटलंय की देश सुटला की तिसऱ्या पिढीत भाषा संपतेच. मला नाही पटत. इस्रायलच्या गॅलिलीतलं कफर कामा हे गाव बघा. १८६४ साली रशियाने सर्केशियन लोकांना त्यांच्या मायदेशातून, काळ्या समुद्राजवळच्या कॉकेशस पर्वतभागातून हुसकावलं, त्यांच्यातली काही कुटुंबं १८७०च्या दशकात इथे वसली. आजही पोरं घरात अदिगे ही सर्केशियनांची भाषा बोलतात, शाळेत ती भाषा सिरिलिक (रशियनच्या) लिपीत लिहायला शिकतात. शिवाय हिब्रू, अरबी, इंग्रजी आहेच! सणाला चीज भरलेला हलिवा तळतात, थेट आपल्या करंजीच्या आकाराचा. जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये सर्केशियन कितीतरी जास्त, पण तिथल्या तरुणांच्या तोंडी बहुतेक अरबीच. शहरात विखुरले की असं होतं, माझं तरी हेच मत. तरी २१ मे या त्या हकालपट्टीच्या स्मृतिदिनी सर्केशियनांचा बारा ताऱ्यांचा हिरवा झेंडा दोन्हीकडे फडकतो.