आजीबद्दल लिहा, पुरणपोळी सोडून

नौपाडा, ठाणे (धागा काढणारी)
गेल्या आठवड्यात आजीचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपत आली तेव्हा भाचीने विचारलं, "पणजीचं माहेरचं नाव काय होतं?" पंगतीत आम्ही चौदा जण, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. ठाणे, नवी मुंबईकरांनो, आपापल्या आजीबद्दल लिहा. अट एकच: पुरणपोळी, गोधडी आणि बटवा वगळून.

करावे गाव
आम्ही आजीला बय म्हणायचो. तिला सही यायची नाही, पण खाडीचं गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणकी मी शाळेत नाही, तिच्या मागे चिखलात चिंबोऱ्या धरताना शिकलो. १९८४च्या जानेवारीत सिडको जमिनी घेत होती त्याविरुद्धच्या आंदोलनाला गावातल्या बायांबरोबर उरणकडे जासईला गेलेली. तिथल्या पोलिसांच्या गोळीबाराबद्दल कधी बोलली नाही. चपला तिकडेच राहिल्या, एवढंच सांगायची. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर बिल्डिंग उठली, आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. खिडकीतून खाडी दिसत नाही. तरी दुपारी पडल्या पडल्या म्हणायची, "आता पानी भरला आसंल." मी गुपचूप मोबाइलवर भरतीची वेळ बघायचो. फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक.

कळवा
पुरणपोळी सोडून म्हणालात, मग माझ्याकडे काही उरलंच नाही. वाचतोय.

चरई, ठाणे
सगळ्यांच्या आज्या गोडच होत्या की काय? आमची खाष्ट होती. साखरेच्या डब्याची किल्ली कमरेला. सुनेने चहात किती साखर घातली हे ती चमच्याच्या आवाजावरून ओळखायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. आई अजूनही चमचा भरते आणि अर्धा परत डब्यात ओतते. आता कधी साखर काढायला चमचा आईच्या हातून मीच घेतो, पण बोलत नाही काही.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत
आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घराच्या दाराची कडी अडकून बसलेली. आजोबांनी दार लाथेने मोडलं म्हणून वाचले. त्यानंतर उभ्या जन्मात तिने रात्री कडी लावू दिली नाही, अगदी इथे चाळीतसुद्धा. एकदा चोर शिरला, नवा कोरा कुकर गेला. वडील संतापले. ही म्हणाली, "कुकरच गेला न्हवं?"

नौपाडा, ठाणे (धागा काढणारी)
वाशीच्या आत्याला फोन केला. नाव तिलाही आठवेना, पण म्हणाली, रुखवतातल्या तांब्यावर कोरलेलं आहे बघ. माळ्यावरून काढला. चिंच लावून दोनदा घासलाय. तारीख स्पष्ट आहे, नावाची पहिली दोन अक्षरं लागलीत. उद्या पुन्हा घासते.