सोसायटीत कॅमेरे आहेत, ओळखी नाहीत. काय करावं?

बी विंग, कल्याण:
मंडळी, आमच्याकडे चार विंगा, 212 फ्लॅट. रविवारी ग्रुपवर मेसेज पडला, ‘मुलं पळवणारा आत शिरलाय’. दहा मिनिटांत चाळीसेक जण खाली. घेरला कुणाला, तर डी विंगमध्ये पडद्यांचं माप घ्यायला आलेल्या कारागिराला. गळ्यातली टेप कुणीतरी ओढलेली, गळ्यावर वळ. ज्यांनी बोलावलं त्या ताई धावत आल्या म्हणून निभावलं. कमिटी म्हणते, अजून बारा कॅमेरे बसवू. मला पटत नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा डोळ्यांसमोरून हलत नाही. 2018 साली तिथं अशाच अफवेवरून पाच जणांना ठार मारलं.

लूमवाल्यांची लेक:
मी भिवंडीची. बाबा यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते. 1970 आणि 1984, दोन्ही हिंदू-मुस्लिम दंगली त्यांनी पाहिलेल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसायचे. बाबाही जायचे. आई वैतागायची, ‘दंगल थांबवायला जाता की गटार काढायला?’ कारण घरी येऊन सांगायचे ते नळाचं, गटाराचं, पोरांच्या मारामारीचं.

डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली. खोपडेंची तोवर बदली झाली होती, कमिट्या मात्र चालू होत्या. एका रात्री आमच्या गल्लीत ओरडा झाला, ‘पलीकडून जमाव येतोय!’ पोरांनी दगड गोळा केले. बाबांनी पायात चपला सरकवल्या, बॅटरी घेतली आणि थेट पलीकडच्या चाचांचं दार वाजवलं. चाचा बनियनवरच बाहेर आले. त्यांच्या गल्लीतही हीच आरोळी, फक्त येणारा जमाव आमचा! मग दोघं आणि बीटवरचे हवालदार, तिघं मिळून दोन्ही गल्ल्या फिरले. जमाव कुठंच नव्हता. मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीत 900 माणसं गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली. भिवंडीत दंगल झाली नाही.

कॅमेऱ्यात नंतर दिसतं, दादा. त्या रात्री कुणाचं दार वाजवायचं हे बाबांना आधीपासून ठाऊक होतं. तुमच्याकडेही महिन्यातून एकदा बसा. पाणी, पार्किंग, काहीही बोला. वॉचमन, कामवाल्या ताई, इस्त्रीवाले यांनाही खुर्ची द्या. कोण कुणाकडे येतं हे त्यांनाच माहीत असतं.

ठाणेकर:
हे सगळं खरं, पण 2006 विसरू नका. त्याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दोन पोलिसांचे जीव गेले.

लूमवाल्यांची लेक:
विसरले नाही. बाबा तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. म्हणूनच सांगते, बैठक एकदा घेऊन सोडू नका.

बी विंग, कल्याण:
ताई, येत्या रविवारी दहा वाजता गच्चीवर बसतोय. वॉचमनची ड्युटी तासभर मी आणि शेजारचे काका करू. त्या कारागिरांना दोनदा फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी त्यांच्या दुकानावर जातो.