लिफ्ट केल्यापासून स्टेअरिंग ढिलं, गाडी रस्त्यावर नाचते. मदत हवी आहे (अर्जंट)

चिखल्या
मंडळी, जरा लवकर सांगा, शनिवारी निघायचंय. गाडी लिफ्ट केल्यापासून, म्हणजे उंच करून घेतल्यापासून, स्टेअरिंगला काही अर्थच राहिला नाही. चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसतो. साठच्या पुढे सरळ रस्त्यावरही सारखं सावरत बसायचं. परवा आंबा घाट उतरून साखरप्याकडे जाताना एका खड्ड्यात चाक आपटलं आणि पुढची बाजू अशी थडथडायला लागली की गाडी जवळजवळ थांबवली तेव्हा शांत झाली. अलाइनमेंट दोनदा झालं. मिस्त्रीने स्टेअरिंगचा बॉक्स (दांडीच्या टोकाची गिअरची पेटी) टाइट केला, तर आता वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळही होत नाही. स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) टाकू का? कोणता चांगला?

नटबोल्ट
गाडी कोणती?

घाटवेडा
ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) टाका, विषय संपला. लिफ्टनंतर पुढचा ॲक्सल एका बाजूला सरकतो. मी माझ्या जिम्नीला टाकला, लोण्यासारखी चालते. थारलाही तेच.

नटबोल्ट
@घाटवेडा थारला पुढे सलग ॲक्सल नाही, स्वतंत्र सस्पेन्शन आहे. सरकणार काय? आधी गाडी तर कळू दे.

चिखल्या
जिप्सी हो. लिहिलं नव्हतं का? २००५ ची किंग, साधं स्टेअरिंग, पॉवर नाही. लिफ्ट २ इंच.

जुनाफिटर
जिप्सीला पुढेमागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. ॲक्सल पाटेच धरून ठेवतात, पॅनहार्डचा संबंध नाही. २ इंच कसे मिळवले? लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी), जास्तीचे पाटे, की पाटे ॲक्सलच्या वर घेतले? टायर कोणते? हवा किती?

सरळमार्गी
मुळात लिफ्ट करायचीच कशाला? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही. उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाला हात वर करणार.

चिखल्या
@सरळमार्गी साहेब, प्रश्न स्टेअरिंगचा आहे.
@जुनाफिटर एक इंच शॅकलने, बाकी टायरने. २०५/७० काढून २३५/७५ टाकले, रिम १५ चीच. हवा बीचवर १५ पीएसआयपर्यंत उतरवली होती, नंतर बहुतेक भरली.

नटबोल्ट
बहुतेक??

जुनाफिटर
हवा आधी बघा, फुकटचं काम आहे.

आता शॅकल. गाडी एक इंच उचलायची तर शॅकल दोन इंच लांब लागतो, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. जिप्सीला पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. ते टोक खाली गेलं की ॲक्सलचा माथा पुढे कलतो आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) दोन-तीन अंशांनी कमी होतो. मग गाडी सरळ धावत नाही, स्टेअरिंग परत येत नाही. अलाइनमेंटवाला टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) बसवून देतो. पाट्याच्या गाडीत कास्टर फिरवायला नटच नसतो, तो तरी काय करणार!

पण चार बोटांचा खेळ कास्टरने येत नाही. तो शोधायचा. गाडी जमिनीवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली झोपून बॉक्सपासून चाकापर्यंतच्या एकेका जोडावर हात ठेवायचा: पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची टोकं, टायरॉड एंड, खुद्द बॉक्स. एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे चोर. मग चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेरिंग, राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिचं).

घाटवेडा
एवढं करण्यापेक्षा डॅम्पर टाकला की थडथड बंद. स्वानुभव.

जुनाफिटर
बंद होते, म्हणजे ऐकू येत नाही. आत झीज चालूच असते.

नटबोल्ट
कास्टरसाठी पाचरी मिळतात. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये टाकायच्या, जाड बाजू मागे.

जुनाफिटर
पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर मागे. यांचे पाटे खाली आहेत, तेव्हा जाड बाजू पुढे. उलटी टाकलीत तर उरलासुरला कास्टरही जाईल.

नटबोल्ट
हो, बरोबर. माझी गाडी वर घेतलेली आहे, त्या हिशोबाने लिहिलं.

कोकणीमेवा
साखरप्यात कुठे थांबलात? तिथे एका ठिकाणी वडे झकास मिळतात.

चिखल्या
अपडेट. हवा एका चाकात १६ निघाली. (गप्प बसा.)

बायकोला स्टेअरिंगवर बसवून खाली शिरलो. टायरॉड ठीक, ड्रॅग लिंक ठीक. हलतोय तो बॉक्सच! चेसिसवर एका बोल्टभोवती तांबूस पूड साचलेली, वॉशरच्या कडेने रंग चंद्रकोरीसारखा घासून पत्रा चकचकीत झालेला. तो बोल्ट चक्क हाताने फिरला. सगळे आवळले, चार बोटांचं एक बोट झालं. मिस्त्रीने बॉक्सचा स्क्रू दोनदा पिळला, पण बॉक्स धरणारे बोल्ट बघितलेच नाहीत.

डाव्या चाकाला मात्र वर-खाली खेळ आहे आणि ब्रेक दाबूनही राहतो.

जुनाफिटर
म्हणजे किंगपिन बेरिंग. तुमची थडथड बहुतेक तिथूनच. दोन्ही बाजूंची वरची-खालची बदला आणि शिम (पातळ चकत्या) नीट बसवून घ्या. बॉक्सच्या बोल्टांभोवती चेसिसला तडा नाही ना, ते माती पुसून बघा. बॉक्सचा स्क्रूही परत सेट करायला लागेल, चाकं सरळ ठेवून. जास्त पिळलेला बॉक्स मधोमध अडतो. पाचरी सगळ्यात शेवटी. आणि शनिवारी ही गाडी नेऊ नका.

चिखल्या
हॉटेलचे पैसे भरलेत हो.

सरळमार्गी
एसटी आहे.

चिखल्या
मेहुण्याची स्विफ्ट घेऊन जातोय. बेरिंगं सोमवारी. पण डॅम्पर कोणता घ्यायचा ते कोणी सांगितलंच नाही.