५ टन माल, गाळ आणि ०.४ जी: उघड्या चेनगाडीचे आकडे तपासून द्या

कोपरीकर
ठाण्यातल्या आमच्या गटाच्या विज्ञानकथा-रोलप्लेसाठी मालवाहू चेनगाडी (रणगाड्यासारखी, चाकांऐवजी दोन चेनवर चालणारी) हवी आहे. वरून उघडी, पुढे चालक आणि एक मदतनीस, मागे हौदा. ग्रहावर गुरुत्व ०.४ जी (पृथ्वीच्या ०.४ पट) आणि ओहोटीला ऐरोली पुलाखाली दिसतो तसला गाळ. रिकामी ६ टन, माल ५ टन, चेन ३० सेंमी रुंद, जमिनीला टेकणारी लांबी ४.५ मीटर, दोन चेनच्या मध्यांत अंतर १.८ मीटर, वेग ताशी ४० किमी. चालेल का? आणि फासे कुठे टाकायला लावू?

रोलर_स्प्रॉकेट
रुतणार नाही, पण वळणारही नाही.

दाब आधी बघू. ११,००० किलो भागिले (२ × ३० × ४५०), म्हणजे पृथ्वीवर चौ. सेंमीला साधारण ०.४१ किलो. चालत्या माणसाच्या एका पावलाखाली जवळपास इतकाच येतो. तुमच्या ग्रहावर ०.१६, म्हणजे उत्तमच.

गोची लांबीत आहे. ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५. एक चेन रोखून दुसरी ओढली की गाडी वळते, आणि तेव्हा दोन्ही चेनची टोकं जमिनीवर आडवी घासतात. हे गुणोत्तर साधारण १ ते १.८ मध्ये ठेवतात. त्याहून फार वाढलं तर वळायला लागणारा जोर पकडीच्या बाहेर जातो. गाळात चेनच्या कडेला चिखलाचा बांध साठतो, त्याला रेटता रेटता चेन उतरते.

चेन ४५ सेंमी, लांबी ३ मीटर, अंतर २ मीटर करा. क्षेत्रफळ तेच, २७,००० चौ. सेंमी, गुणोत्तर १.५. गाडी २.४५ मीटर रुंद होईल. लांबच हवी असेल तर स्वीडनच्या बीव्ही २०६ या चेनगाडीसारखे दोन डबे जोडा. तिच्या चारही चेनना ताकद जाते आणि वळण मधल्या सांध्यातल्या हायड्रॉलिकवर होतं.

एक मात्र लक्षात ठेवा, हा दाब सरासरी आहे. सगळा माल मागच्या फाळक्याला टेकवून लादला तर मागचं टोक रुतणारच. पहिला फासा माल लादतानाच टाकायला लावा.

सहाचा_फासा
कमी गुरुत्वात वजन घटतं, वस्तुमान नाही, आणि पकड वजनावर असते. कोरड्या जमिनीवर घर्षणांक (पकड वजनाच्या किती पट ते) ०.६ धरला तर ताशी ४० किमीवरून पृथ्वीवर साडेदहा मीटरमध्ये थांबणारी गाडी तिथे सुमारे २६ मीटर घेईल. खेळाडू हे हमखास विसरतात, म्हणून थांबायचं अंतर गाडीच्या पत्रकावरच लिहा. चढाचं उलट आहे: ओढणारं वजन आणि पकड दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात, त्यामुळे घसरायचा कोन बदलत नाही. उगाच बोनस देऊ नका.

खड्ड्यावरून उडाल्यावर खोकी हौद्यात परत पडायलाही वेळ लागतो. प्रत्येक खोक्याला दोन रॅचेट पट्टे, नाहीतर फासा.

कोपरीकर
आकडे बदलले, आभार. चेन उतरण्याचा नियम कसा लिहू?

रोलर_स्प्रॉकेट
कारणावरून लिहा. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाच्या, दातांत गाळ बसून दाबला गेला की चेन आपोआप ताणते आणि रोलर (चेनवरची छोटी चाकं), बुश (कड्यांच्या सांध्यातल्या नळ्या) लवकर झिजतात. म्हणून चिखलात पोकलेनची चेन जरा सैल ठेवतात. पण फार सैल चेन तीव्र वळणात किंवा आडव्या उतारावर उतरते. तेव्हा खेळाडूला आधीच निवडू द्या: ताठ ठेवली तर दर तासाला झिजेचा फासा, सैल ठेवली तर प्रत्येक तीव्र वळणाला उतरायचा.

चढवायची रीत: अॅडजस्टरचा (ग्रीसच्या दाबाने चेन ताणणाऱ्या सिलिंडरचा) व्हॉल्व्ह हळूहळू सैल करून ग्रीस सोडायचं, आयडलर (चेनच्या दुसऱ्या टोकाचं मोकळं चाक) मागे घ्यायचा, पहारीने चेन बसवायची, मग ग्रीस गनने पुन्हा ताण द्यायचा. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर ग्रीस प्रचंड दाबाने उडतं आणि कातडीत घुसतं. अंतराळसूट घातलेल्या मदतनिसासाठी ही खरी जोखीम आहे.

सहाचा_फासा
टेबलावर मॉडेल ठेवायचं असेल तर १:५६ मापाला (खऱ्याच्या ५६व्या भागाला) चेन ८ मिमी रुंद येते. पिझ्झाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या, वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोला आणि आतल्या लाटा पट्टीला आडव्या येतील अशा कापा. लाटा चेनच्या कड्यांसारख्या दिसतात. रंगाआधी पातळ फेविकॉलचा हात द्या, नाहीतर त्या पाण्याच्या रंगाने बसतात.