मदत हवी आहे: द्राक्ष बागायतदार वडिलांना घेऊन पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात चार दिवस

निफाडची_लेक:

नमस्कार मंडळी,

मी नेदरलँड्सला राहते. ऑगस्टअखेर आई आणि नाना (माझे वडील) पहिल्यांदाच माझ्याकडे येताहेत. नाना ७१ वर्षांचे, आई ६६. नानांची चार एकर थॉमसनची बाग आहे आणि गेल्या पस्तीस वर्षांत ऑक्टोबर छाटणी त्यांनी एकदाही दुसऱ्यावर सोडलेली नाही. पॅरिस दाखवते म्हटलं तर म्हणाले, "ते बघू गं, पण तिकडं द्राक्षं कशी करत्यात ते कुठं बघायला मिळंल?" तेव्हापासून दोउरो नदीच्या खोऱ्याबद्दल मिळेल ते वाचते आहे.

तिथल्या उभ्या डोंगरांवर पायऱ्या पाडून द्राक्षं लावली आहेत, एवढं फोटोंवरून कळलं. नानांना फोटो पाठवले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "या उतारावर फवारणी कशी करत असतील?" आणि आपल्या नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन या शतकात मिळालं, तिथे मात्र १७५६ सालीच पोर्ट वाइनच्या मुलखाची हद्द आखून दिली होती, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

एका टूरवाल्याला विचारलं, तर त्याने पोर्तोहून एका दिवसाची बस आणि दोन ठिकाणी वाइन चाखणे असा कार्यक्रम पाठवला. आमच्यात कुणीच पीत नाही! आणि नानांना बाटली नाही, वेल बघायचाय.

अडचणी अशा: आईचे गुडघे दुखतात, ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. घाटात तिला गाडी लागते. माझा नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा यांना चालायचं आहे, जमल्यास कयाकही. आणि गणपतीच्या आत, छाटणीआधी, नानांना घरी पोहोचायचंच आहे. म्हणजे आमच्या हातात सप्टेंबरचा पहिला आठवडा. तेव्हा काढणी सुरू झालेली असते का? मुक्काम रेग्वाला करावा की Pinhão ला (याचा उच्चार काय करतात हेही सांगा)? गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने भागेल?

पोर्तोनिवासी:

ताई, अगदी योग्य जागा निवडलीत. गेली नऊ वर्षं मी पोर्तोत आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिकडे नेतो.

आईंना गाडी लागते ना, मग रेल्वेच. पोर्तोच्या सांव बेंतु किंवा कांपान्या स्टेशनवरून दोउरो लाइनची गाडी पकडा. रेग्वापर्यंत साधारण दोन तास, पिन्यांवपर्यंत (म्हणजे तुमचं Pinhão) अडीच. पोर्तोहून जाताना उजवीकडच्या खिडक्या धरा. पहिला तासभर विशेष काही दिसत नाही, मग एकदम नदी खिडकीला येऊन भिडते आणि पुढे जवळपास सोडतच नाही. ६५ वर्षांवरच्यांना निम्मं तिकीट लागतं, दोघांचे पासपोर्ट हाताशी ठेवा. मात्र रेग्वाच्या पुढे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवा.

मुक्काम पिन्यांवला करा. रेग्वा मोठं आहे, दुकानं आहेत, दोउरो संग्रहालय आहे, पण ते बाजारपेठेचं गाव आहे, बागा जरा लांब. पिन्यांवला स्टेशनातून बाहेर पडलात की दोन्ही काठांवर बागाच बागा. स्टेशनच्या भिंतीच बघत आईंचा अर्धा तास मजेत जाईल: १९३७ साली लावलेली निळ्या फरशांची २४ चित्रं आहेत, त्यात काढणी, डोक्यावरच्या पाट्या, नदीतल्या होड्या सगळं दिसतं. नानांना तिथे उभं करून प्रत्येक चित्रातलं काम कोणतं ते विचारा. माझ्या सासऱ्यांनी (तेही शेतकरीच) मलाच समजावून सांगितलं होतं.

बोटीचं म्हणाल तर पिन्यांवच्या धक्क्यावरून राबेलो होडीतून तासाभराची फेरी मिळते, तुआ गावापर्यंतची दोन तासांची. पूर्वी याच सपाट बुडाच्या होड्या वाइनची पिंपं भरून पोर्तोला जायच्या. तेव्हा नदी खळाळती होती, माणसं बुडायची. १९७० आणि ८० च्या दशकांत पाच धरणं झाली आणि पाणी निवांत झालं. त्यामुळे आईंनी बिनधास्त बसावं आणि मुलाला कयाकही चालवता येईल.

एक दिवस टॅक्सी सांगून ठेवा (हॉटेलवाले ठरवून देतात, ऐनवेळी मिळत नाही). काझाल द लोइवोशच्या कड्यावर जा. नदीचं वळण आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्या तिथून एका नजरेत येतात. रेग्वा ते पिन्यांव हा एन-२२२ रस्ता फार नावाजलेला आहे, २७ किलोमीटरमध्ये ९३ वळणं. पण आईंसाठी मी तो टाळेन, तोच नदीकाठ रेल्वेतून बघा.

मडगावची_वाट:

ão चा उच्चार आम्हां गोंयकारांना शिकवावा लागत नाही. सांव जुआंवचा आम्ही सांजांव केला, तसंच हे पिन्यांव.

जेवणाचं मी सांगते, कारण माझी सासू शाकाहारी आणि आम्ही तिला तिथे आठवडाभर सांभाळलं. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, हे पहिलं. सामान रेग्वाच्या सुपरमार्केटमधून भरून न्या, पिन्यांवला दुकानं छोटी आहेत. बाहेर खाताना 'सोपा द लेगुमेश' म्हणजे भाज्यांचं सूप जवळजवळ सगळीकडे मिळतं, पण मांसाचं पाणी घातलंय का ते विचाराच. 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या पानांचं सूप दिसायला साधं, पण त्यात सॉसेजची चकती हमखास असते. 'सें कार्ने, सें पेश्शे, सें ओव्हुश' (मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत) हे पाठ करून ठेवा. गोड पदार्थ आईंना देऊच नका, तिथल्या पारंपरिक मिठायांमध्ये अंड्याचा बलक भरपूर असतो. रेग्वाच्या स्टेशनवर पांढरा एप्रन बांधलेल्या बायका साखरेच्या गोळ्या विकतात, त्या मात्र घ्या.

वर फाव्हायुश नावाचं गाव आहे, तिथला पाव प्रसिद्ध. आपला 'पाव' हा शब्द तिथलाच, हे आईंना सांगा, म्हणजे परकं वाटणार नाही. तो पाव, स्थानिक ऑलिव्ह तेल, बदाम आणि टोमॅटो यांच्यावर माझ्या सासूचे दोन दिवस आनंदात गेले. सोबत मेतकूट होतंच.

कोरडवाहू:

मी नाशिकला वाइनरीत काम करतो. शिकत असताना दोउरोत एका काढणीला राबलो आहे. ताई, तुमच्या नानांसाठी मनापासून लिहितो.

पहिल्या आठवड्यात काढणी मिळेल का? बहुतेक हो. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर ती चालते, नदीलगतच्या गरम बागा आधी, उंचावरच्या नंतर. ऊन मात्र आपल्या एप्रिलसारखं असू शकतं. "नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक" अशी तिथली म्हणच आहे. बागेत सकाळीच जा.

नानांना तीन गोष्टी मुद्दाम दाखवा. एक, जमीन. माती जवळपास नाहीच, शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक आहे. त्याच्या उभ्या भेगांतून मुळं खोल जातात आणि पाणी शोधतात. जुन्या बागा पूर्ण कोरडवाहू आहेत. ठिबकशिवाय द्राक्ष बघून आपला शेतकरी पहिल्यांदा विश्वासच ठेवत नाही.

दोन, बांध. जुन्या पायऱ्यांचे बांध चुन्या-सिमेंटशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले आहेत, कोकणातल्या गडग्यासारखे. काही उतारांवर पडके बांध आणि त्यावर झुडपं दिसतील. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा किडीने मुळं खाल्ली, तेव्हा सोडून दिलेल्या त्या बागा. तिकडे त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात. नंतर अमेरिकन खुंटावर कलमं बांधून उरलेला मुलूख वाचवला. नाना डॉगरिज खुंटावर कलम करतच असतील, त्यांना ही गोष्ट अर्ध्या वाक्यात कळेल. नव्या बागा बुलडोझरने पाडलेल्या रुंद पायऱ्यांवर किंवा सरळ उतारावर उभ्या ओळींत असतात. फवारणीचं उत्तर तिथे दिसेल: जिथे छोटा ट्रॅक्टर शिरतो तिथे ट्रॅक्टर, बाकी पाठीवर.

तीन, मांडव नाही. वेल बुटका, तारेवर किंवा मोकळा, आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्या दोन छाटण्या ऐकून माझा तिथला मुकादम चाट पडला होता. जुन्या बागेत एकाच ओळीत पाच-सहा जाती मिसळलेल्या असतात, तेही दाखवा.

स्टेशनपासून चालत जाता येईल अशी किंता दु बोंफिं आहे (किंता म्हणजे बाग आणि वाडा मिळून जागा), तिच्या बागेत आखलेल्या पायवाटा आहेत. नुसतं फिरणं मागा, चाखणं बंधनकारक नाही. ग्रॅनाइटच्या हौदात, ज्याला 'लगार' म्हणतात, माणसं खांद्यावर हात टाकून रांगेने द्राक्षं तुडवतात ते काही किंतांत संध्याकाळी बघायला मिळतं. आधी कळवलं तरच.

आणि नाना काडी मागतील, मला खात्री आहे. आणू देऊ नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना कलमाची काडी भारतात आणता येत नाही, आणि फायलोक्झेराची गोष्ट ऐकल्यावर ते स्वतःच नको म्हणतील.

सह्यभटक्या:

चालणाऱ्यांसाठी: पिन्यांव ते काझाल द लोइवोश हा चढ सकाळी सातला सुरू करा, सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी. आई-नानांनी टॅक्सीने वर यावं, भेट वरच.

एक दिवस मात्र द्राक्षं सोडा आणि गाडीने शेवटच्या पोसिन्यो स्टेशनापर्यंत जा. पिन्यांवच्या पुढे गर्दी संपते, दरी रखरखीत होत जाते. तिथून टॅक्सीने फोझ कोआचं संग्रहालय. कोआ नदीकाठच्या खडकांवर वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने कोरलेले घोडे, रानबैल, रानबोकड आहेत. तिथे धरण बांधायला घेतलं होतं. 'कोरीव चित्रांना पोहता येत नाही' म्हणत लोक उभे राहिले, धरण थांबलं आणि १९९८ मध्ये ती जागतिक वारसा झाली. संग्रहालयातून जीपने वाटाड्याबरोबर नेतात, जागा आधी राखून ठेवावी लागते. तुमच्या मुलासाठी यासारखं दुसरं काही नाही.

निफाडची_लेक:

सगळ्यांचे किती आभार मानू! सगळं वाचून नानांना फोनवर सांगितलं. काडीचं ऐकून म्हणाले, "मी मागणारच होतो." डॉगरिजचं नाव निघाल्यावर अर्धा तास तेच बोलले.

आता ठरलंय ते असं: चार रात्री पिन्यांव, येणं-जाणं रेल्वेने, एक दिवस टॅक्सी, एक दिवस फोझ कोआ. रेग्वाजवळच्या लामेगो गावाचाही विचार करतेय. तिथल्या देवळाला ६८६ पायऱ्या आहेत असं वाचलं, आईला ते जमणार नाही.

पोर्तोनिवासी:

टॅक्सी वरपर्यंत जाते, आईंनी वरून दर्शन घ्यावं. आणि तारखा जुळत असतील तर ८ सप्टेंबरला जा. त्या दिवशी मूर्तींचे रथ मिरवणुकीत निघतात, ते बैल ओढतात. पोळा पाहिलेल्या माणसाने ते बघायलाच हवं.

निफाडची_लेक:

मग ८ तारीख नक्की! शेवटची एक विनंती. नानांना काढणीत तासभर कात्री हातात घ्यायची आहे, दुसरं काही नको. किंतेला ईमेल करताना हे कसं लिहू?

मडगावची_वाट:

इंग्रजीत लिहा, पण सुरुवात या वाक्याने करा: 'उ मेउ पाय ए व्हितिकुल्तोर.' माझे वडील द्राक्ष बागायतदार आहेत. बागेचा एक फोटो जोडा, नाना मांडवाखाली उभे असलेला.

निफाडची_लेक:

फोटो मागितला तर आईने गेल्या वर्षीच्या गारपिटीनंतरचा पाठवलाय. दुसरा मागवते आणि आज रात्रीच लिहिते.