बीजिंग–शीआनच्या वाटेत पिंग्याओला एक रात्र: बसवायची कशी?

रानवाट:
ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बीजिंगहून शीआनला रेल्वेने जायचं आहे. दोघं आहोत, पाठीवर एकेक सॅक, बाकी सामान नाही. व्हिसा हातात आहे. वाटेत पिंग्याओ या तटबंदीच्या जुन्या शहरात उतरून एक रात्र काढायची, म्हणजे आज दुपारी पोचायचं आणि उद्या दुपारी पुढची गाडी पकडायची. रेल्वेभाडं सोडून माणशी ३०० युआनच्या आत बसवायचं आहे. विचारायचं ते असं:
– नकाशावर पिंग्याओची दोन स्टेशनं दिसतात. कुठलं घ्यावं?
– जुन्या शहराचं १२५ युआनचं तिकीट काढावंच लागतं का?
– तटाच्या आत राहावं की बाहेर?
– एक जण शाकाहारी आहे, अंडं चालतं. उपाशी राहायची वेळ येईल का?

रूळबदल:
स्टेशनचं आधी सांगतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. नवं, वेगवान गाड्यांचं स्टेशन ‘पिंग्याओ गूछंग’. गूछंग म्हणजे जुनं शहर, त्यामुळे हेच तटाला लागून असणार असं कोणालाही वाटतं. प्रत्यक्षात ते शहराबाहेर आहे, सॅक घेऊन चालत जाण्यासारखं नाही. नुसतं ‘पिंग्याओ’ नावाचं जुनं स्टेशन मात्र तटाच्या वायव्येला, पायी पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे साध्या, सावकाश गाड्या थांबतात.

तुमच्या वेळापत्रकाला दोन्ही वेळा गूछंगच योग्य. बीजिंगहून साधारण चार तास, पुढे शीआन उत्तर (शीआन बेइ) तीन तासांच्या आसपास. स्टेशनबाहेरून १०८ नंबरची बस जुन्या शहराकडे जाते, भाडं एक युआन. अर्धा तास हाताशी ठेवा. टॅक्सीवाले अंगावर येतीलच. बसायचं असेल तर मीटर लावायला सांगा, नाहीतर अ‍ॅपवरून बोलवा.

बीजिंगहून थेट गाड्या मोजक्या आहेत. मिळाली नाही तर ताइयुआन दक्षिण (ताइयुआन नान) इथे बदला. तिथून गूछंग पाऊण तासाच्या आत येतं. दोन गाड्यांमध्ये किमान ४० मिनिटं असू द्या. बीजिंगमध्ये लांब पल्ल्याची अनेक स्टेशनं आहेत, तेव्हा तिकिटावरचं नाव पूर्ण वाचा: ‘बीजिंग शी’ म्हणजे पश्चिम, ‘फंगताय’ वेगळं.

१२३०६ या सरकारी अ‍ॅपवर बुकिंग १५ दिवस आधी उघडतं, पण परदेशी पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ जातो. खातं त्याच्या बरंच आधी काढून ठेवा. आपल्या पासपोर्टांची एक खास भानगड असते. ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, काहींचा आडनावाचा रकाना तर रिकामाच. हौसेने मधलं नाव गाळू नका. पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यातल्या पहिल्या ओळीत नाव जसं आहे तसंच अ‍ॅपमध्ये भरा. कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने तो वाचला नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो, त्या रांगेत जा. फाटक गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं, आणि त्याआधी सामानाची तपासणी असते. मोठ्या स्टेशनवर तासभर आधी पोचा.

घडीव_दगड:
तिकिटाबद्दल. तटाच्या आत शिरायला, गल्ल्या फिरायला, दक्षिण रस्त्यावरचा बाजारबुरूज खालून बघायला एक पैसा लागत नाही. १२५ युआन लागतात ते तटावर चढायला आणि वीसेक जुने वाडे, पेढ्या, न्यायकचेरी, मंदिरं आतून बघायला. तिकीट एकच, तीन दिवस चालतं, सुटं मिळत नाही. तुम्ही दोन्ही दिवशी मिळून पाच-सहा तास देणार असाल तर काढा. संध्याकाळी पोचून सकाळी निघायचं असतं तर काढू नका असंच सांगितलं असतं.

काढलंत तर वीसच्या वीस उरकायच्या मागे लागू नका, निम्मी ठिकाणं एकमेकांसारखी आहेत. तीन पुरेत: तट, कचेरी (शियानया) आणि पश्चिम रस्त्यावरची रशंगचांग पेढी.

रशंगचांग नीट बघा. १८२३ साली सुरू झालेली ही चीनमधली पहिली हुंडीची पेढी. आधी हा रंगाचा व्यापार होता. चांदी गाडीत घालून लुटारूंच्या वाटेने न्यायची, त्याऐवजी एका गावात भरायची आणि दुसऱ्या गावच्या शाखेत चिठ्ठी दाखवून उचलायची. आपल्याकडच्या हुंडीसारखंच. गंमत आहे ती चिठ्ठीवरच्या गुप्त खुणांची. महिना आकड्यात लिहायचाच नाही. बारा अक्षरांचं एक वाक्य ठरलेलं, पहिलं अक्षर म्हणजे पहिला महिना, बारावं म्हणजे बारावा. त्या वाक्याचा अर्थही असा: ‘खोट्या हुंडीवर कोणी रक्कम उचलणार नाही याची काळजी घ्या, अक्षर आणि शिक्का बारकाईने बघायला विसरू नका.’ दिवस आणि रकमेसाठी वेगळी वाक्यं. पाट्यांवरचं इंग्रजी तोडकं आहे, फोनचा कॅमेरा-अनुवाद वापरा.

तट १३७० सालचा, मिंग राजवटीतला. घेर सहा किलोमीटरच्या थोडा वर, उंची बारा मीटरच्या आसपास, सहा दरवाजे. आराखडा कासवाचा म्हणतात: दक्षिण दरवाजा डोकं, उत्तर दरवाजा शेपूट, बाजूचे चार म्हणजे पाय. बुरूज ७२ आणि जंग्या ३०००, कन्फ्यूशियसच्या शिष्यांच्या हिशोबाने. बाहेरून वीट दिसते, पण पोटात ठोकून बसवलेली माती आहे. माती पाणी प्यायली की फुगते आणि विटेचा पदर सुटतो. ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत एक तुकडा असाच कोसळला होता. त्यामुळे डागडुजीसाठी कुठला ना कुठला भाग बंद असू शकतो, पूर्ण फेरी धरून वेळ आखू नका. उन्हं कलताना चढा. सकाळी गल्ल्या बघा, सहलींचे गट साडेनऊ-दहानंतर लोटतात.

कोपऱ्यावरची_खोली:
आतच राहा. बाहेर राहून फार तर वीस-तीस युआन वाचतील आणि पहाटेची सामसूम हातची जाईल, जी या गावात सगळ्यात बघण्यासारखी आहे. डॉर्ममध्ये खाट साधारण ५० ते ८० युआन, जुन्या चौकाच्या वाड्यात दोघांची खोली १२० ते २००. दोघं असाल तर खोलीचा हिशोब डॉर्मच्या जवळपासच येतो.

बुक करण्याआधी दोन गोष्टी मेसेज करून विचारा. पहिली, परदेशी पासपोर्टची नोंद करता येते का. परदेशी पाहुण्याची पोलिसांत २४ तासांत नोंद व्हावी लागते, ती मुक्कामाची जागाच ऑनलाइन करते. परदेशी म्हणून पाहुणा नाकारू नये असं सरकारने २०२४ मध्ये बजावलं आहे, पण छोट्या जागी नोंद कशी करायची हेच कधी माहीत नसतं आणि मग रात्री दहाला वाद होतो. दुसरी गोष्ट, खोली गरम कशाने होते. तिकडची सार्वजनिक हीटिंग नोव्हेंबरपासून, आणि तिसऱ्या आठवड्यात रात्र चांगलीच गार असते. ‘कांग’ म्हणजे विटांचा ओटा, पूर्वी खालून जाळ घालून तापवत. आता बहुतेक ठिकाणी तो नुसताच टणक पलंग, वर विजेची चादर. चादर आहे ना तेवढं विचारा.

आत मोटारींना बंदी आहे. दरवाजापासून विजेवरची गाडी पाठवतात, बऱ्याचदा फुकट. नाहीतर चाला, सॅकच आहे.

वरणभात:
उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर मटणाच्या रश्शातले तुकडे बाजूला काढून वाटी समोर येते. ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी) म्हणा आणि लेखी अनुवादात जोडा: मांस नको, रस्सा मांसाचा नको, डुकराची चरबी नको. ‘सू’चा कडक बौद्ध अर्थ कांदा-लसूणही नको असा होतो, तेव्हा लसूण चालत असेल तर तेही लिहा, नाहीतर अगदीच अळणी येईल.

काओलाओलाओ मागवा. ओटच्या पिठाच्या पातळ पुंगळ्या वेताच्या टोपलीत मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या लावून वाफवतात. सोबत बुडवायला येतं ते बहुतेकदा मटणाचं असतं, त्याऐवजी टोमॅटो-अंड्याचं (शीहोंगश्र जीतान) मागा. वानथुओ म्हणजे बशीत वाफवलेल्या पिठाची वडी, पट्ट्या कापून व्हिनेगर-लसणात कालवतात. गारही खातात, परतूनही. शान्शीचं (पिंग्याओ ज्या प्रांतात आहे तिथलं) व्हिनेगर काळं आणि दाट, टेबलावर फुकट असतं. दुकानादुकानात टांगलेलं ‘पिंग्याओ न्यूरौ’ हे गोमांस आहे, चवीला म्हणून पुढे केलेला तुकडा उचलण्याआधी ध्यानात ठेवा. दक्षिण रस्ता सोडून आडव्या गल्लीत शिरलात की तीच वाटी स्वस्त मिळते.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. गूछंगचीच तिकिटं काढतो. पैशांचं एक राहिलं: रोख नेऊ की अलीपे (फोनवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप)?

रूळबदल:
दोन्ही. अलीपेला भारतातून निघण्याआधीच व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि पासपोर्टने ओळख पटवून घ्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. हे बटण बंद राहिल्यामुळेच निम्मी कार्डं नाकारली जातात. तिकडे गेल्यावर ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्ये जिवंत ठेवा, निदान एसएमएस येण्यापुरतं. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही, त्यावर ३ टक्के लागतात. तुमची खोली याच रेषेवर आहे, दोघांनी निम्मे निम्मे दिलेत तर शुल्क वाचेल. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. फोन बंद पडला तर म्हणून माणशी २०० युआन रोख, त्यात एकच्या आणि पाचच्या नोटा बससाठी.

घडीव_दगड:
नकाशाचंही करून ठेवा. गूगल तिथे उघडत नाही, आणि रोमिंगच्या डेटावर उघडलं तरी चीनमध्ये नकाशा आणि उपग्रहचित्र शे-दोनशे मीटरने सरकलेले दिसतात. तटाच्या आत तेवढ्यात तीन गल्ल्या चुकतात. तिथलं नकाशाचं अ‍ॅप ‘अमॅप’ घ्या आणि मुक्कामाचं नाव-पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी गाडी दोननंतरची मिळाली तर सकाळी श्वांगलिन मंदिर जमवा, सहा-सात किलोमीटरवर नैर्ऋत्येला. तिकीट वेगळं. मातीच्या रंगीत मूर्ती दोन हजारांवर आहेत. वेइथुओ या बौद्ध रक्षकदेवाची मूर्ती चुकवू नका, कमरेतून असा पीळ दिला आहे की बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही. आत अंधार असतो, छोटी विजेरी न्या.