पाथमधलं टिंब काढा, आणि रिकामा कोलनसुद्धा

शेलवेडा (धागाकर्ता):
आपण 'एलएस' (फोल्डरमधल्या फायली दाखवणारी आज्ञा) लिहून एंटर मारलं की शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, पाथमधले (कोलनने वेगळ्या केलेल्या यादीतले) फोल्डर ओळीने बघतो आणि त्या नावाची जी चालवण्याजोगी फाइल आधी सापडेल ती चालवतो. ती कोणी ठेवली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून त्या यादीत टिंब, म्हणजे 'मी आत्ता उभा आहे तो फोल्डर', अजिबात नको. टेंप फोल्डरमध्ये कोणालाही लिहिता येतं. तिथे कोणी 'एलएस' नावाची स्क्रिप्ट टाकली आणि तुमचं टिंब यादीत पहिलं असलं, की ती तुमच्या अधिकारांनिशी चालली. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, असाल तर अख्खं मशीन गेलं.

टिंब न लिहिताही आत शिरतं. माझ्या प्रोफाइलमध्ये (लॉगिन करताना शेल वाचतो ती फाइल) जुना पाथ, कोलन आणि पुढे एक व्हेरिएबल अशी ओळ होती. नव्या मशीनवर ते व्हेरिएबल रिकामं निघालं आणि शेवटी नुसता कोलन उरला. कोलनच्या अलीकडे किंवा पलीकडे काहीच नसेल तर शेल तिथे चालू फोल्डर धरतो. लागोपाठ दोन कोलन आले तरी तेच. कित्येक महिने मला याचा पत्ता नव्हता.

डॉटस्लॅश_नको:
टिंब पुढे नको, मान्य. शेवटी ठेवलं तर काय बिघडतं? खरा 'एलएस' आधीच सापडतो. शिवाय लॅपटॉपवर मी एकटाच. ज्याला माझ्या होम फोल्डरमध्ये लिहिता येतं तो सरळ बॅशआरसी (बॅश हा शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) बदलेल, पाथच्या भानगडीत कशाला पडेल?

शेलवेडा:
घाईत 'एलएस'चं 'एसएल' होतंच की. ते नाव सिस्टिममध्ये नसेल तर शोध शेवटच्या टिंबापर्यंत पोचतो. आणि मशीनवर एकटे असलात तरी फायली सगळ्या तुमच्या कुठे असतात? गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं हत्यार) उतरवलेला प्रकल्प दुसऱ्याचा असतो, आणि फाइल चालवायची परवानगीही गिट सोबत आणतो.

रात्रपाळी:
मी तर प्रकल्पातला नोड मॉड्यूल्सचा (जावास्क्रिप्टची पॅकेजं ठेवायची जागा) बिन, म्हणजे चालवायच्या फायलींचा, फोल्डर टिंब लावूनच पाथमध्ये पहिला ठेवते. प्रत्येक प्रकल्पात हत्यारांची आवृत्ती वेगळी, दुसरं करणार काय?

शेलवेडा:
म्हणजे ज्या फोल्डरमध्ये जाल त्याच्या मालकाला 'गिट'सुद्धा बदलून द्यायची मुभा दिलीत. प्रकल्पातलं हत्यार थेट चालवणारी एनपीएक्स ही आज्ञा वापरा, नाहीतर फोल्डरनुसार पाथ बदलणारा डायरएन्व्ह. डायरएन्व्ह त्या फोल्डरची फाइल तुम्ही मंजूर केल्याशिवाय वाचत नाही, आणि फाइल बदलली की पुन्हा मंजुरी मागतो.

जुना_अ‍ॅडमिन:
सुडोला (एक आज्ञा रूट म्हणून चालवणारा प्रोग्राम) सिक्युअर पाथ, म्हणजे ठरवून दिलेली फोल्डरांची यादी, लावलेला असला की तो तुमची यादी बाजूला ठेवून स्वतःची वापरतो. पण 'एसयू' (दुसरा वापरकर्ता, बहुधा रूट, व्हायची आज्ञा) पुढचा डॅश, म्हणजे नव्याने लॉगिन करायचा पर्याय, विसरलात, तर बऱ्याच ठिकाणी तुमचाच पाथ घेऊन रूट होता. मी हे होताना पाहिलंय, म्हणून डॅश हाताला बसवून घ्या. आणि कोणती फाइल चालणार अशी शंका आली तर बॅशमध्ये 'टाइप'ला 'ए'चा पर्याय देऊन नाव विचारा, सगळे दावेदार क्रमाने दिसतात.

डॉटस्लॅश_नको:
कोलनच्या जागी नवी ओळ टाकून यादी छापून पाहिली. मधोमध एक ओळ कोरी आली, आणि ती मी कधीच लिहिलेली नाही. ती काढली, टिंबही काढतो. पण होममधला बिन मात्र पहिलाच राहील. सिस्टिमचा पायथन जुना आहे, मला माझा आधी लागतो. तिथे बॅशआरसीचा माझा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

शेलवेडा:
तो खोडता येत नाही, बरोबर आहे तुमचं. फक्त त्या फोल्डरमध्ये तुमच्याशिवाय कोणाला लिहिता येत नाही ना, तेवढं बघून घ्या.